ओर्व्हिएतोची मुकी म्हातारी आणि हिराकाकी

इथे लिहिणारे बरेचजण पहिल्याच ओळीत सांगतात की त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता... आणि मग अनुभव आला. माझा नव्हता आणि आजही नाही. भूत, देवचार, अंगात येणं, नजर लागणं – यातलं काहीच मी मानत नाही. भिवंडीच्या एका शाळेत मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. आम्ही बौद्ध, आमच्या घरात लिंबू-मिरची येते ती जेवणासाठी. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारा आमचा एक छोटा गट होता, अजूनही आहे. हातातून अंगारा काढणं, नारळातून कुंकू काढणं, हे प्रयोग मी निजामपुऱ्याच्या गल्ल्यांत पॉवरलूमचा खडखडाट चालू असताना घसा ताणून करून दाखवलेत.

तरीही हे लिहितेय, कारण दोन अगदी विरुद्ध टोकाच्या लोकांनी मला सांगितलं होतं – "भास झाला, एवढंच सांगा." असं कोणी सांगितलं की माझं डोकं फिरतं.

गोष्ट २००६ च्या मे महिन्यातल्या युरोप सहलीतली. तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते, लग्न केलेलं नाही, आई वारून दोन वर्षं झाली होती. सोबत होत्या हिराकाकी – भिवंडीजवळच्या वळ गावच्या, पासष्टीच्या, आगरी. आमचं नातं काही नाही. वळला मी संध्याकाळी मोठ्या बायकांसाठी लिहिण्या-वाचण्याचा वर्ग घ्यायचे, तेव्हापासूनची ओळख. सगळ्या बायका महिन्याभरात कंटाळल्या, हिराकाकी शेवटपर्यंत आल्या. अंगठा सोडून सही करायला लागल्या त्या दिवशी त्यांनी मला घरी नेऊन सुकट आणि तांदळाची भाकरी खायला घातली होती.

वळ तेव्हा बदलत होतं. भातखाचरं होती तिथे गोदामं उभी राहिली – लांबच लांब पत्र्याची, दारात कंटेनर. हिराकाकींचीही जमीन गेली. म्हणजे मुलांनी दिली, काकींनी सह्या केल्या. मीच शिकवलेल्या सह्या... तेव्हा मला त्याचं फार काही वाटलं नव्हतं. राहिला होता तो घरामागचा एक तुकडा. त्यावर काकी अजून वाल लावायच्या, काकड्या लावायच्या. मोठा मुलगा जनार्दन त्याच्यासाठी मागे लागला होता. काकी हो म्हणत नव्हत्या, नाही पण म्हणत नव्हत्या.

"इमानात बसून येतंय, मंग बगू," म्हणाल्या.

शेजारची दोन-चार घरं युरोपला जाऊन आली होती. काकींना एकटीला पाठवायला कोणी तयार नव्हतं, मुलांना वेळ नव्हता. म्हणून काकी माझ्या मागे लागल्या – "तुना इंग्रजी येतं, मना चालाला येतं. दोगी मिलून एक मानूस होतंव." माझं तिकीट मी माझं काढलं. हे मुद्दाम लिहितेय, काकींच्या पैशाने फिरून आले असंही नंतर लोक बोलले.

इटलीतला आमचा तिसरा दिवस. रोमहून फ्लॉरेन्सला जाताना टूरवाल्यांनी वाटेत ओर्व्हिएतो नावाच्या गावी थांबा ठेवला होता. हे गाव म्हणजे एका प्रचंड खडकाच्या माथ्यावर बसलेलं शहर. चारी बाजूंनी सरळ तुटलेला कडा. रोमन लोकांच्याही आधीची वस्ती. खाली स्टेशनजवळ बस थांबते आणि तिथून दोराने ओढली जाणारी एक छोटी रेल्वे आपल्याला वर नेते. काकी त्या डब्यात माझा हात घट्ट धरून बसल्या होत्या. वर पोचल्यावर म्हणाल्या, "मलंगगडावर असा पायजेल व्हता."

तिथलं मोठं चर्च काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचं आहे. काकींनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "लुंगीचा कपरा." मला हसू आवरेना, कारण खरंच तसंच दिसतं. पुढची बाजू मात्र सोन्याची चित्रं आणि कोरीवकाम यांनी भरलेली. समोरच्या इमारतीला लागून दगडी बाक होता आणि त्यावर छान ऊन पडलेलं. काकींचे गुडघे रोममध्येच सुजले होते.

"मी हितंच बसतंय. तू फिरून ये."

अकरा वाजले होते. सगळ्यांनी दोन वाजता परत जमायचं होतं. मी काकींकडे पाण्याची बाटली दिली, बिस्किटं दिली आणि निघाले.

मी त्या गावात दीड तास एकटी फिरले. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्यातरी परक्या गावात मी एकटी फिरत होते... शिक्षिका नाही, कोणाची मुलगी नाही. मातकट पिवळ्या दगडाच्या गल्ल्या, इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतील. खिडक्यांत लाल फुलांच्या कुंड्या. गल्ली संपली की एकदम कडा – आणि खाली लांबवर द्राक्षांचे मळे. मग मी तिथली प्रसिद्ध विहीर बघायला गेले. खडकात खोल खणलेली गोल विहीर, आत दोन जिने एकमेकांभोवती वळत जातात. एकाने उतरायचं, तळाशी छोटा पूल ओलांडायचा आणि दुसऱ्याने वर यायचं. उतरणारा आणि चढणारा समोरासमोर येतच नाहीत. पाणी वाहणारी गाढवं एकमेकांना अडू नयेत म्हणून ही युक्ती. मी पायऱ्या मोजत उतरले, अडीचशेच्या जवळपास आहेत. वर आले तेव्हा पाय थरथरत होते आणि मी खूश होते. शाळेत मुलांना ही विहीर फळ्यावर कशी काढून दाखवायची, तेच डोक्यात चाललं होतं. सांगायचा मुद्दा – माझं मन अगदी ताळ्यावर होतं.

साडेबाराच्या सुमारास चर्चच्या चौकात परत आले. बाकावर काकींच्या शेजारी एक म्हातारी बसली होती. ऐंशीच्या पुढची असावी. काळा स्वेटर, काळा स्कर्ट, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले. तिचा उजवा हात मांडीवर लुळा पडला होता, डावा काकींच्या हातात होता. आणि काकी तिच्याशी गप्पा मारत होत्या.

मी वीसेक पावलांवर उभी राहून बघत राहिले. गंमत वाटली. काकी बोलायच्या, मग गप्प होऊन ऐकायच्या. "मंग?" म्हणायच्या. परत ऐकायच्या. एकदा हसल्या. एकदा पदराने डोळे पुसले. म्हातारीचा चेहरा काकींकडे वळलेला होता, त्यामुळे तिचे ओठ मला दिसत नव्हते. आवाज मला फक्त काकींचा आला. हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगत आलेय आणि इथेही सांगते – म्हातारीचा आवाज मी ऐकलेला नाही.

मी जवळ गेले तेवढ्यात कोपऱ्यावरच्या मातीच्या भांड्यांच्या दुकानातून एक बाई लगबगीने आली. पन्नाशीची, हाताला रंग लागलेला, गळ्यात चष्मा. तिचं नाव लुचिया, म्हातारीची मुलगी. गिऱ्हाइकांशी बोलून बोलून तिला बऱ्यापैकी इंग्रजी येत होतं. ती माझी माफी मागायला लागली – आईला रोज इथे उन्हात आणून बसवते, तुमच्या बाईंना त्रास तर झाला नाही ना?

मी म्हटलं, छे, उलट दोघींची छान मैत्री झालेली दिसतेय.

तेव्हा काकी म्हणाल्या, "बाय, ही तिची पोर काय? हिला सांग, आईस सांगतंय, पावलूची पत्रं तलघरान हायेत. त्यानं लिवलेली. तो लिवत व्हता."

मी हसले. "काकी, काय चाललंय?"

"सांग तिला."

"असं काय सांगू? तुम्हाला कोणी सांगितलं?"

"ही बसलीय ना बाजूला, हिनंच." काकींनी म्हातारीकडे मान केली. "सांग म्हनतंय ना. बस सुटंल."

मी काही भाषांतर करणार नव्हते, खरं सांगते. परक्या देशात कोणाच्या आईबद्दल काहीतरी भलतंच बोलायचं, मला लाज वाटत होती. मी लुचियाला "थँक यू, बाय" म्हणायच्या बेतात होते. पण तिचा चेहरा बदलला होता. तिने माझ्या दंडाला हात लावला.

"तुमच्या बाई आत्ता काय म्हणाल्या? पाओलो म्हणाल्या का?"

मग मला सांगावंच लागलं. मी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं. लुचियाने गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवून काकींकडे नीट बघितलं. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "माझी आई अकरा वर्षं बोललेली नाही."

अकरा वर्षांपूर्वी तिला झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली, लिहिणंही गेलं. डॉक्टर झाले, व्यायाम झाले... एक शब्द फुटला नव्हता. पाओलो हा लुचियाचा मोठा भाऊ. सत्तावीस वर्षांपूर्वी बापाशी भांडून ऑस्ट्रेलियाला निघून गेला. बापाने घरात त्याचं नाव काढायला बंदी केली. त्याचं कधी पत्र आलं नाही, आईच्या झटक्यानंतर दोन वर्षांनी बाप गेला, तेव्हाही तो आला नाही. लुचियाने म्हणून त्याला मनातून पुसून टाकलं होतं.

मी हे काकींना सांगितलं. काकी वैतागल्या. "ते मना म्हायती हाय. पत्रं आयली व्हती. बापूस फारून टाकंल म्हनून हिनं लपवली. मंग वाचा गेली, कोनाला सांगनार? खाली उतरला का डाव्या हाताला भिंत हाय, तिला कबुतरांचे खन. खालून चौथी वल, कोपऱ्यापासून सातवा खन. त्याच्यामंगचा दगूड सुटा हाय."

मी हे सगळं इंग्रजीत सांगत होते तेव्हा माझे कान गरम झाले होते. लुचियाने आईकडे बघितलं. म्हातारी तिच्याकडेच बघत होती.

त्यांचं घर दुकानाच्या मागेच होतं. लुचियाने मला सोबत चला म्हटलं – एकटीने उतरायची तिची हिंमत होत नव्हती बहुतेक. काकी बाकावरच बसल्या. घराच्या आत एका फळीच्या दाराला कुलूप, त्यामागे खडकात कापलेल्या पायऱ्या. ओर्व्हिएतोतल्या कितीतरी घरांखाली अशा गुहा आहेत. लुचियाचे वडील तिथे वाईन ठेवायचे. ते गेल्यापासून फुटकी भांडी टाकण्यापलीकडे तिचा उपयोग नव्हता. खाली गारठा होता, ओल्या मातीचा वास होता. लुचियाने टॉर्च फिरवला. डाव्या हाताची पूर्ण भिंत चौकोनी खणांनी भरलेली होती – जुन्या काळी खाण्यासाठी कबुतरं पाळायचे, त्यांचे खोपे.

खालची ओळ फुटक्या भांड्यांच्या ढिगामागे गेली होती. आम्ही दोघींनी भांडी बाजूला केली. मी मोजलं. चौथी ओळ, सातवा खण. लुचियाने हात आत घातला आणि मागचा दगड हलला.

बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, मेणकापडात गुंडाळलेला. गंजलेलं झाकण माझ्या पर्समधल्या नेलकटरने उघडावं लागलं. आत पाकिटं होती, ऑस्ट्रेलियाचे स्टॅम्प असलेली, सगळी फोडलेली, तारखेप्रमाणे लावलेली. लुचिया तिथेच जमिनीवर बसली. तिने पहिलं पत्र काढलं, दोन ओळी वाचल्या आणि ती रडायला लागली. मी टॉर्च धरून उभी होते. भीती वाटत होती का? नाही. राग आला होता. आयुष्यभर मी दुसऱ्यांना "यामागे काय युक्ती आहे ते शोधा" म्हणत आले, आणि आता समोर उघडा डबा होता आणि मला युक्ती सापडत नव्हती.

वर आल्यावर लुचिया आईच्या पायाशी गुडघ्यांवर बसली, डबा तिच्या मांडीवर ठेवला. म्हातारीने डाव्या हाताने तिच्या केसांवरून हात फिरवला. बोलली काहीच नाही. काकींनी माझ्याकडे बघितलं – "चल. त्यांचा त्यांना बोलू दे."

लुचियाने माझ्याकडून भिवंडीचा पत्ता लिहून घेतला. दोन वाजले होते.

बसमध्ये मी काकींना फ्लॉरेन्स येईपर्यंत सोडलं नाही. अगदी उलटतपासणी केली.

"ती कुठल्या भाषेत बोलली?"

"आपल्याच."

"आपल्या म्हणजे? मराठीत? तुमच्यासारखी?"

"आता तू बोलतंस ती कुठली भाषा हाय, याचा मी इचार करतंय काय? कललं. बस."

"तिचं तोंड हलत होतं?"

"ते मी न्हाय बगितला. मी तिच्या डोल्यांत बगत व्हती."

"तुम्ही तिला काय सांगितलंत?"

"माझा सांगितला. जमिनीचा. पोरं सही मागतान, मना नको हाय, पन बोलाची हिंमत न्हाय होत."

"मग ती काय म्हणाली?"

काकी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "ती बोलली, मना तोंड व्हता तवा मी नवऱ्याला भिऊन गप रायली. मंग तोंडच गेला. तुला हाय तवर बोल."

मी शंका काढल्या त्या अशा. गावाखाली गुहा आहेत हे टूर मॅनेजरने सकाळी बसमध्ये सांगितलं होतं. काकी तेव्हा झोपल्या होत्या, पण समजा त्यांनी अर्धवट ऐकलं. कबुतरांचे खणही सांगितले असतील, समजा. पण पाओलो? ऑस्ट्रेलियातली पत्रं? चौथी ओळ, सातवा खण? चौकात कोणी हिंदी-मराठी बोलणारं होतं का? आमच्याच ग्रुपमधले ठाण्याचे एक निवृत्त बँकवाले आणि त्यांच्या पत्नी समोरच्या कॅफेत पूर्ण वेळ बसले होते. त्यांना मी विचारलं. ते म्हणाले, "दुसरं कोणीच आलं नाही. तुमच्या काकी त्या बाईंना अर्धा तास काहीतरी सांगत होत्या. बाई आपल्या गप्प." लुचियाने नाटक केलं म्हणावं तर कशासाठी? तिने आम्हाला एक कप सुद्धा विकला नाही. त्या दगडाभोवतीची धूळ मी स्वतः बघितली होती. तो कित्येक वर्षं कोणी हलवलेला नव्हता.

परत आल्यावर काकींनी पहिल्याच आठवड्यात जनार्दनला तोंडावर सांगितलं, "सही न्हाय करनार. मी मेल्यावर बगा."

आणि ओर्व्हिएतोची गोष्टही सांगितली. लपवण्यासारखं त्यात त्यांना काही वाटलंच नाही. वळमध्ये ती वणव्यासारखी पसरली. बायका यायला लागल्या, कोणी नारळ घेऊन, कोणी मेलेल्या नवऱ्याचा फोटो घेऊन – "हिराबाय, जरा इचारून सांग." काकींनी सगळ्यांना दारातून परत पाठवलं. "मना काय येत न्हाय. ती बाई बोलली, मी आयकला. तुमचा मेलेला मानूस मना कंला सांगंल?" एकीने तर काकींच्या अंगात देवी येते म्हणून पाट मांडायची तयारी केली होती. तिला काकींनी झाडूच दाखवला.

महिन्याभराने जनार्दन माझ्या घरी आला. हा माणूस वाईट नाही, हे मी आजही म्हणेन. पण त्या तुकड्यावर गोदामवाल्याला शब्द देऊन बसला होता. चहा प्यायला, इकडचं तिकडचं बोलला आणि म्हणाला, "मॅडम, आईचं डोकं ठिकाणावर नाय. तिकडून आल्यापासून काय पण बोलते. आम्ही ठाण्याहून डॉक्टर बोलावतोय. डोक्याचे. तुम्ही होतात तिच्यासोबत. तुम्ही फक्त एवढंच सांगा की तिला भास झाला."

"आणि मग?"

"मग काय... तिची ट्रीटमेंट करू. सह्यांचं वकील बघतील."

मी विचार करून सांगते म्हटलं. कारण खरंच विचारात पडले होते. दुसऱ्याच दिवशी आमच्या गटाचे सेक्रेटरी आले. गटात माझ्या आधीपासूनचे, माझे चांगले मित्र. गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती. ते म्हणाले, "ताई, उद्या एखादा बुवा उभा राहून सांगेल की यांच्याच बाई चमत्कार मानतात. तुम्ही एवढंच म्हणा ना, की काकींना भास झाला आणि पत्रांचा योगायोग."

दोघांना माझ्या तोंडून एकच वाक्य हवं होतं. एकाला जमिनीसाठी, दुसऱ्याला गटाच्या नावासाठी. आणि खरं सांगते, ते वाक्य माझ्याही सोयीचं होतं. म्हटलं असतं तर माझं आयुष्यभराचं काम सुरक्षित राहिलं असतं, हसं झालं नसतं. दोन दिवस मी ते वाक्य मनात घोळवून बघितलं. पण ते खोटं होतं. मी तो डबा हाताने उघडला होता.

त्याच आठवड्यात लुचियाचं पाकीट आलं. मी ते पर्समध्ये घालून वळला गेले. डॉक्टर येणार होते ती रविवारची सकाळ होती. बाहेरच्या खोलीत डॉक्टर, जनार्दन, त्याचा धाकटा भाऊ, दोन्ही सुना बसलेल्या. काकी मधल्या खुर्चीवर, इस्त्रीचं लुगडं नेसून. डॉक्टर वयस्कर होते, शांत होते. त्यांनी काकींना वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. काकी बाजारात मासळी विकलेली बाई... त्या डॉक्टरांच्या आधी पुढे गेल्या.

मग डॉक्टरांनी विचारलं, "इटलीत एक बाई तुमच्याशी बोलली म्हणता. ती बाई मुकी होती, हे तुम्हाला माहीत आहे?"

"हाय म्हायती. तिनंच सांगितला."

"मग ती बोलली कशी?"

"ते तुमी सांगा. तुमी शिकलेले."

जनार्दनने माझ्याकडे बघितलं. डॉक्टरही वळले. "तुम्ही विज्ञान शिकवता ना? तुमचं काय मत?"

मी म्हटलं, "मत नाही सांगणार. बघितलं ते सांगते." आणि सगळं सांगितलं. ओठ दिसले नव्हते हे सांगितलं, आवाज ऐकला नव्हता हेही सांगितलं. तळघर, ओळ, खण, डबा. मग लुचियाचं पत्र काढून इंग्रजीतून वाचलं, मराठीत सांगितलं. तिने शेवटच्या पत्रावरच्या पत्त्यावर लिहिलं होतं. पाओलो अजून ऑस्ट्रेलियातल्या त्याच गावात होता. त्याचा फोन आला होता; आईची उत्तरं थांबली तेव्हा त्यानेही लिहिणं सोडलं होतं. तो येणार होता. पत्रासोबत डब्याचा आणि त्या भिंतीचा फोटो होता. डॉक्टरांनी चष्मा लावून फोटो बराच वेळ बघितला.

"नसलेली गोष्ट दिसली, ऐकू आली, तर त्याला मी भास म्हणतो," ते म्हणाले. "यांनी सांगितलं त्या जागी डबा निघाला. मग याला मी भास कुठल्या तोंडाने लिहू? बाईंचं डोकं चांगलं आहे. तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं आहे."

"मग ते काय होतं?" धाकटा मुलगा म्हणाला.

"मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले आणि बॅग उचलली.

जनार्दन उठून मागच्या दारी गेला. काकी त्याच्या मागोमाग गेल्या. आत आम्हाला त्यांचा आवाज येत होता, चढलेला नव्हता. "जना, तुजा हिस्सा तुना दिला. सगल्यांचा दिला. हा माझा हाय. मी रोज हितं उभी रातंय. एवरा मना रावू दे." तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. पण त्यानंतर सहीचा विषय त्या घरात निघाला नाही. तो माझ्याशी मात्र दोन वर्षं बोलला नाही. मीही गेले नाही बोलायला.

पाओलो त्याच वर्षी दिवाळीच्या आसपास ओर्व्हिएतोला आला. तीन आठवडे राहिला. लुचियाने लिहिलं की आई रोज त्याचा हात धरून बाकावर बसायची, एक शब्दही बोलली नाही. त्याच हिवाळ्यात ती गेली.

हिराकाकी त्यानंतर सहा वर्षं होत्या. तसं पुन्हा कधी झालं नाही. मी मुद्दाम लक्ष ठेवून होते, शिक्षकाची सवय. एकदा गोदामावर आलेला तमिळ ट्रक ड्रायव्हर त्यांना रस्ता विचारत होता. काकी पाच मिनिटं त्याच्या डोळ्यांत बघत उभ्या राहिल्या आणि शेवटी मला म्हणाल्या, "काय समजत न्हाय गं, हा काय बोलतंय." आम्ही दोघी पोट धरून हसलो.

मला लोकांनी काय काय सांगितलं. कोणी मागच्या जन्मीच्या बहिणी म्हटलं. कोणी टेलिपथी म्हटलं, जसं काही इंग्रजी नाव दिलं की उत्तर मिळतं. सेक्रेटरी अजून योगायोग म्हणतात. त्यांना मी कागद-पेन देते आणि सांगते, भिंतीत किती खण होते ते मी मोजलेत, योगायोग किती तो गणित करून दाखवा. गटाने मला काढलं नाही, मीही राजीनामा दिला नाही. गेल्या महिन्यात पण एका बाबाच्या दरबारात जाऊन त्याची राख कशी येते ते लोकांना दाखवून आले. तिथे त्याच्या एका भक्ताने मला सगळ्यांसमोर टोमणा मारला, "मॅडम, मग तुमची इटलीची म्हातारी कशी बोलली?"

मी माईक हातात घेतला आणि म्हटलं – मला माहीत नाही. तुमच्या बाबांनाही माहीत नाही. फरक एवढाच, मी ते बोलून दाखवते.